तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

"मॅडम, डॉक्टर, नर्स, फिजिओ आपापल्या कॉलेजात शिकतातच की. मग शनिवारी दुपारी सगळ्यांना एका खोलीत कशाला कोंबता?" पालक विचारतात, सहकारीही विचारतात.

एका शनिवारचंच सांगते. कॉटवर पुतळा. समजायचं की हे ६५ वर्षांचे आजोबा, काल अर्धांगवायूचा झटका आलेला, उजवी बाजू लुळी. भोवती एक इंटर्न, एक नर्सिंगची मुलगी, एक फिजिओचा विद्यार्थी. प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी. नर्सिंगच्या चिठ्ठीत होतं, सकाळी वॉर्डातल्या मावशींनी (आयाबाईंनी) चहा पाजला तेव्हा दुसऱ्याच घोटाला ठसका लागला. फिजिओच्या चिठ्ठीत, नातेवाईक लुळ्या हाताला धरून ओढून बसवतात. इंटर्नने केस पेपर वाचला, बीपी विचारलं आणि लिहून टाकलं: तोंडावाटे पातळ आहार. बाकी दोघं नुसते बघत राहिले.

झटक्यानंतर गिळणं तपासल्याशिवाय पाण्याचा घोटही द्यायचा नाही, श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनियाची भीती. हे तिघांनाही पाठ. मी नर्सिंगच्या मुलीला विचारलं, मग बोलली का नाहीस?

"सरांनी विचारलं नाही."

सर म्हणजे तो इंटर्न, २३ वर्षांचा पोरगा, तिच्याहून जेमतेम वर्षाने मोठा!

मला हसू आलं नाही. मी इंटर्न असताना रात्रपाळीच्या सिस्टर दोनदा म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, ह्यांचा श्वास मला बरा वाटत नाही." मी एक्स-रे दाखवून त्यांना गप्प केलं. पहाटे पेशंट आयसीयूत गेला. वाचला, पण माझ्यामुळे नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली म्हटलंय की वेगवेगळ्या शाखांच्या लोकांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावं. 'सोबत' सोपं आहे, हॉलमध्ये एकत्र लेक्चर ठेवलं की झालं. घोडं अडतं ते 'कडून'पाशी. त्याच संघटनेच्या २००८च्या यादीत, शस्त्रक्रिया सुरक्षित व्हावी म्हणून तपासायच्या, १९ बाबी आहेत, त्यातली एक म्हणजे चिरा देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगणं. बरेच सर्जन याला पोरखेळ म्हणतात. मला मात्र ती यादीतली सगळ्यात हुशार ओळ वाटते. जिने एकदा तोंड उघडलंय, तिला पुढे "थांबा" म्हणायला कमी धीर लागतो.

त्या दिवशी शेवटी फिजिओचा मुलगा म्हणाला, "मॅडम, चहा मावशींनी पाजला ना, मग त्या कुठायत?" पुढच्या शनिवारी वॉर्डातल्या एका मावशींना बोलावलं. त्यांनी पुतळ्याकडे पाहिलं, मग पोरांकडे. "ह्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं कुणी, ते ठरलंय का?"

नव्हतं ठरलं.