टीव्हीची शिट्टी

जुना, पाठीला कुबड असलेला टीव्ही. आवाज पार बंद केला तरी तो चालू आहे हे पोरांना शेजारच्या खोलीत कळायचं. आजोबांना मात्र अगदी जवळ बसूनही ऐकू यायचं नाही. काय ऐकू यायचं? एक सुईसारखी बारीक शिट्टी. दूरदर्शनचं चित्र 625 ओळींचं आणि अशी सेकंदाला 25 चित्रं, म्हणजे 15,625 ओळी. मेकॅनिक ज्याला ईएचटी म्हणायचे तो ट्रान्सफॉर्मर प्रत्येक ओळीला एकदा थरथरायचा. ती शिट्टी 15,625 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांची.

माणसाचा कान 20 ते 20,000 हर्ट्झ ऐकतो, असं पुस्तकात असतं. ते तरण्या कानाचं. कानातल्या शंखाकार नळीत वरच्या स्वरांच्या केशपेशी अगदी दाराशी असतात, आणि वयाबरोबर आधी त्याच जातात. गेलेल्या पुन्हा उगवत नाहीत.

गंमत म्हणजे सीडीचा 44,100 हा आकडाही टीव्हीच्याच घरातला. सीडीसाठी आवाजाची सेकंदाला इतकी मोजमापं, म्हणजे सॅम्पल, घेतात. सुरुवातीला डिजिटल ध्वनी साठवायला व्हिडिओ टेप वापरत. एका ओळीत तीन सॅम्पल, 294 ओळी, सेकंदाला 50 फील्ड (फील्ड म्हणजे अर्धं चित्र) : 44,100. अमेरिका-जपानच्या पद्धतीत 245 ओळी आणि 60 फील्ड, उत्तर तेच! याच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे 22,050 हर्ट्झच्या आतलं सगळं नीट पकडता येतं. कान 20,000 ला थांबतो. वरची दोन हजारांची जागा त्यापलीकडचे स्वर अडवणाऱ्या फिल्टरला उतरायला. कोणताही फिल्टर विळ्यासारखा एका जागी कापत नाही.

फिल्टर नसला तर काय होतं, ते आपल्या शिट्टीलाच विचारावं. साध्या फोनच्या आवाजाचे सेकंदाला 8,000 सॅम्पल घेतात. फिल्टर न लावता त्यात 15,625 शिरली, तर ती 16,000 मधून वजा होऊन 375 हर्ट्झ बनून बाहेर येईल : पेटीच्या मधल्या सप्तकातल्या काळी तीनपेक्षा किंचित चढी. आजोबांनाही ठणठणीत ऐकू येईल. एकदा असा सोंग घेतलेला सूर आत आला की नंतर वेगळा काढता येत नाही, म्हणून फिल्टर सॅम्पलिंगच्या आधीच हवा.

स्वतःचा कान तपासायचा असेल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट 44,100 वर ठेवून 15,625 चा साइन टोन, म्हणजे एकच शुद्ध सूर, बनवावा, ॲम्प्लिट्यूड (जोर) 0.1. आवाज आधी 1,000 हर्ट्झच्या टोनवर बेताचा लावावा आणि मग बटणाला हात लावू नये. काही ऐकू येत नाही म्हणून वाढवत गेलं तर न ऐकू येणारा आवाजही कानाला इजा करतो. वायरचा इयरफोन बरा. फाइल वेव्हमध्येच (.wav) ठेवावी, कारण कमी बिटरेटची एमपी3 वरचे स्वर सरळ गाळून टाकते. टोनच्या दोन्ही टोकांना फेड द्यायला, म्हणजे आवाज हळूहळू चढवायला-उतरवायला, विसरू नये. नाहीतर सुरू होताना 'टक्' वाजतं आणि पन्नाशीचा गृहस्थ "आलं, आलं" म्हणतो.

192 किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 1,92,000 सॅम्पलच्या, फायली हौसेने जमवणाऱ्यांचा हिशेब वेगळा. तिथे मर्यादा 96,000 ची. वटवाघूळ खूश होईल.

टीव्ही चालू असलेल्या खोलीतल्या जुन्या रेकॉर्डिंगचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे त्यातल्या स्वरांचं चित्र, उघडला, तर 15,625 वर कधीकधी एक सरळ, बारीक रेघ दिसते. साठीतला ध्वनितंत्रज्ञ ती डोळ्यांनी बघून तेवढाच बारीक पट्टा गाळणाऱ्या नॉच फिल्टरने पुसतो, आणि नीट गेली का ते ऐकायला शिकाऊ पोराला बोलावतो.