बेडकांच्या टाकीतील ओघळता कातळ

बेडकांच्या टाकीत धबधबा करायचा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उंचावरून कोसळणारी धार येते, आणि माझ्या मते तिथेच घोटाळा होतो. माझ्याकडील फायर बेलीड टोड जातीचे बेडूक मूळचे कोरिया, ईशान्य चीन आणि त्यालगतच्या रशियातील. उथळ, संथ पाण्यात पाय पसरून तरंगत राहणे त्यांना आवडते, आणि वरून सतत धार आदळत राहिली तर ते पाण्यात उतरायचेच टाळतात. म्हणून साताऱ्यातील घरी टाकी उभारताना मी ठोसेघरचा मुख्य धबधबा नमुना म्हणून घेतला नाही. पावसाळ्यात तिकडे जाताना रस्त्याकडेच्या काळ्या कातळावरून पाण्याचा जो पातळ थर ओघळत असतो, तोच मला टाकीत हवा होता. सह्याद्रीतील इंडिराना या प्रजातीच्या बेडकांची शेपटीवाली पिल्ले तर अशा ओल्या खडकाला चिकटूनच वाढतात.

टाकी 90 सेंटिमीटर लांब, 45 रुंद आणि 45 उंच असून पाण्याची खोली 10 सेंटिमीटरच्या आसपास ठेवली आहे. त्यासाठी ताशी 300 लिटरचा बुडता पंप पुरतो. खोक्यावर छापलेला आकडा पाणी अजिबात वर चढवायचे नसतानाचा असतो. जितकी उंची वाढेल तितका प्रवाह घटतो, हे पंप घेतानाच ध्यानात ठेवावे. पंप मागच्या कप्प्यात, स्पंजाच्या आड बसवला आहे. कप्प्याचे झाकण निघणारे हवे, कारण स्पंज चोंदल्यावर सगळा कातळ फोडायची वेळ कोणावरही येऊ नये.

कातळाचा गाभा थर्माकोलचा कोरला आणि त्यावर सिमेंटचे पातळ थर दिले. सिमेंटमधील चुना पाण्यात उतरून पाण्याचा सामू (पीएच) वाढवतो, त्यामुळे सामू स्थिर होईपर्यंत पाणी बदलत राहावे लागते. बेडूक कातडीतूनही पाणी शोषून घेत असल्याने येथे घाई चालत नाही. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेले घ्यावे आणि त्याचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत थांबावे. कातळ आणि काच यांच्यातील फटी बुजवणेही तितकेच गरजेचे आहे, नाहीतर एखादा बेडूक मागे शिरून अडकतो.

खरे कौशल्य लागते ते पाण्याला वाट दाखवण्यात. दगडाच्या कडेवरून आलेले पाणी सरळ खाली पडत नाही. ते कडेला चिकटून खालच्या बाजूने मागे सरकते, काचेपर्यंत पोहोचते आणि टाकीबाहेर झिरपते. गवंडी खिडकीवरच्या छज्जाच्या खालच्या कडेला ज्या कारणासाठी खाच ठेवतात, त्याच कारणासाठी प्रत्येक पायरीच्या खालच्या बाजूला मी खाच ठेवली आणि पायऱ्यांचा उतार किंचित पुढे व आतल्या बाजूला दिला. पाणी एका नळीतून न सोडता भोके पाडलेल्या आडव्या नळीतून सोडले, म्हणजे ते कातळभर पसरते.

या पसरलेल्या पाण्याचा उन्हाळ्यात मोठा उपयोग होतो. या बेडकांना 18 ते 24 अंश सेल्सिअस तापमान मानवते आणि पारा 28 च्या वर गेला की त्यांची प्रकृती बिघडू लागते. साताऱ्याचा एप्रिल त्यांना सोसणारा नाही. काचेच्या झाकणाऐवजी जाळी बसवून कातळावर छोटा पंखा सोडला, तर बाष्पीभवनामुळे पाणी गार राहते. अर्थात पाणी झपाट्याने कमीही होते. भर घालताना नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून क्लोरीन उडू द्यावे, आणि क्षार साचत असल्याने नुसती भर न घालता काही पाणी नियमितपणे बदलावे.

कातळावर लावायला कासच्या पठारावरून किंवा घाटातून शेवाळ खरवडून आणू नये. दुकानात मिळणारे जावा मॉस आणि पाण्यात मुळे सोडलेला मनी प्लँट पुरेसा आहे, शिवाय मनी प्लँट पाण्यातील नायट्रेटही शोषून घेतो. वीज गेली की वरचे सगळे पाणी खाली येते, तेव्हा टाकीतील पातळी तेवढी जागा राखून ठरवावी. पंपाची वायर प्लगकडे नेताना वाटेत ती प्लगपेक्षा खाली झोल देऊन न्यावी, म्हणजे वायरीवरून आलेला थेंब तिथेच गळून पडतो.