तासगावहून पुसेगाव, बैलं घेऊन बॅटरीच्या पिकअपनं

आधी निकाल सांगतो. गाडीत जनावर असेल, वाट खटाव-माणची असेल आणि परतीची वेळ आपल्या हातात नसेल, तर निव्वळ बॅटरीवर चालणारी गाडी नेऊ नका. दोन रात्री जागलोय, बैलांचे पाय शेकून आत्ता कुठं बसलोय. त्यामुळे थोडं तिखट लिहिलं जाईल, पण आकडे सगळे त्याच रात्री वहीत टिपलेले आहेत.

माझी गाडी एक टन माल ओढणारी, बॅटरी २१ युनिटची. घेताना विकणाऱ्यानं सांगितलं, "एका चार्जला १६०, बिनधास्त पळवा." बेदाण्याची खोकी घेऊन मी तासगाव-सांगली दिवसाला दोन फेऱ्या मारतो. जाताना भरलेली, येताना रिकामी, आणि दुपारी घरी प्लगला. आठ महिन्यांत एकदाही अडलो नाही. त्या भरवशावर डिसेंबरातल्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेला शर्यतीची बैलं याच गाडीतून न्यायची ठरवली. तासगावहून विटा, मायणी, वडूज करत पुसेगाव शंभरेक किलोमीटर. १६० मधून १०० गेले तरी ६० हातात राहतात, असा हिशोब.

हिशोब कुठं चुकला, ते नदीकडं बघून आधीच कळायला हवं होतं. येरळा खटावात उगम पावते, वडुजावरून खाली येते आणि आमच्या भागातून पुढं ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. म्हणजे तासगावहून पुसेगावला जाणं हे सगळं नदीच्या उलट्या दिशेनं. एकही घाट लागत नाही, म्हणून रस्ता सपाट वाटतो, पण शंभर किलोमीटर गाडी हळूहळू चढतच असते. डोळ्यांना चढ दिसत नाही, बॅटरीला दिसतो. तुमच्या वाटेवर नदी कुठल्या दिशेनं वाहते ते निघण्याआधी बघा. विकणाऱ्याच्या आकड्यापेक्षा ते जास्त खरं सांगेल.

वजनाचं म्हणाल तर दोन चौसा (चार दात आलेले) खिलार बैल, प्रत्येकी चारशे किलोच्या वर. शिवाय वैरण, पाण्याचा ड्रम, सोबतचा गडी आणि मी. टन भरला. गाडीचं स्वतःचं वजन धरून २३००-२४०० किलो. (पशुवैद्यकाचा दाखला, कानातले बिल्ले, गाडीत खाली वाळू आणि गोणपाट हे तुम्ही करताच, ते लिहीत नाही.) रात्री दोनला १०० टक्क्यांवर निघालो. विट्यात ७४, मायणीत ५५, वडुजात ३४.

वडूज ते पुसेगाव हा शेवटचा वीस-बावीस किलोमीटरचा तुकडा मी विसरणार नाही. वडुजात ३४ दिसल्यावर वेग ३५ वर आणला, कारण पुसेगावात पोचून प्लग कुठं मिळणार हे ठरलेलं नव्हतं. पहाटेची थंडी, रस्त्यावर यात्रेच्या गाड्या, मागून हॉर्न. कडेला घेऊन वाट द्यायची म्हणजे परत शून्यापासून वेग धरायचा, आणि प्रत्येक वेळी एक टक्का जायचा. बैलं हेलकावे खात होती. त्यातल्या हरण्या बैलानं दोनदा गुडघे टेकले. २० च्या खाली आल्यावर गाडीनं स्वतःच ताकद कमी केली. पायानं कितीही दाबा, बारक्या चढावर ३० च्या पुढं जाईना. हे मला कुणीही आधी सांगितलेलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतो: शेवटचे वीस टक्के पोचण्यासाठी असतात, चढण्यासाठी नाही. सहाला पोचलो तेव्हा १३ टक्के उरले होते. अडीच तासांच्या वाटेला चार तास. शर्यतीच्या बैलाला गाडीत चार तास उभं करणं म्हणजे त्याचं अंग आखडून टाकणं, आणि मैदानात ते दिसलंच. पहिला गट पास झालो, सेमीला मागं पडलो. मी त्याचा दोष बैलांना देत नाही.

आता चार्जिंग. मंडपवाल्यानं मोठ्या मनानं त्याच्या जनरेटरवर प्लग दिला. चार्जरवर लाल दिवा. कारण साधं आहे. गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो, ते सापडलं नाही तर एक युनिटही घेत नाही, आणि अशा फिरत्या जनरेटरला बहुतेक वेळा अर्थिंग केलेलंच नसतं. चार्जरला फसवायला वायरी जोडून देणारे लोक भेटतात. देऊ नका. लोखंडी हौद्यात ओल्या पायांची जनावरं उभी असतात. एकानं शेतातल्या मोटरच्या कनेक्शनवर लावून देतो म्हटलं, तेही नाकारा. शेतीपंपाच्या जोडणीवर दुसरं काही चालवणं हा वीज कायद्यानं अनधिकृत वापर ठरतो, आणि दंड त्या बिचाऱ्या शेतकऱ्याच्या नावावर येतो.

शेवटी रस्त्याकडेच्या एका दुकानदारानं प्लग दिला. दर बाराशे. मी म्हटलं, "शंभर-दीडशेची वीज लागेल." तो म्हणाला, "पाव्हणं, यात्रंत रेट यात्रंचाच." नऊला लावलं. व्होल्टेज १८० च्या आसपास, वायर बोटाला चटका देईल इतकी तापलेली, म्हणून चार्जर आठ अँपिअरवर आणला. संध्याकाळी सहापर्यंत १३ चे ५८ झाले. रात्रीसाठी आणखी तीनशे मागितले. मध्ये दोन तास लाईट गेली. बाराला ७८. एकूण दीड हजार रुपये आणि घेतलेली वीज पंधरा-सोळा युनिट. म्हणजे युनिटला जवळपास शंभर रुपये. घरी मला ते अकरा-बाराला पडतं. ही सरळ लूट आहे. गरजवंताला अक्कल नसते हे खरं, पण गरज यात्रेला आलेल्या मुक्या जनावराची होती याचा तरी विचार व्हायला हवा होता. पोचल्या पोचल्या भाव ठरवा, युनिटवर ठरवा, आणि मीटरचा फोटो काढा. मी काढला नव्हता.

बैलं मात्र संध्याकाळीच घरी गेली, यात्रेला सोबत आलेल्या बापूच्या गाडीतून. त्याची पिकअप सीएनजी आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारी. शर्यतीची छकडी आणि पोरं तिच्यातूनच आली होती. आम्ही अदलाबदल केली, बैलं त्याच्याकडं, छकडी माझ्याकडं. जाताना विट्यात प्रेशर कमी म्हणून गॅसच्या रांगेत त्याचा पाऊण तास गेला होता, त्यामुळे तेही काही सुखाचं नाही. पण येताना मायणीच्या पुढं गॅस संपला तेव्हा त्यानं फक्त बटण दाबलं. गाडी थांबलीसुद्धा नाही. साडेआठला बैलं गोठ्यात. मी रात्री बाराला निघून तीनला पोचलो, २७ टक्के शिल्लक. तोच रस्ता, पण गाडी जवळजवळ रिकामी आणि नदीच्या बरोबरीनं खाली. जाताना ८७ टक्के लागले, येताना ५१. वजन आणि उतार मिळून एवढा फरक करतात.

मग गाडी निवडायची कशी? बापूच्या गाडीत इंजिनच चाकं फिरवतं. मला हवी आहे ती तिसऱ्या प्रकारची: चाकं कायम विजेच्या मोटरवर, आणि बॅटरी उतरली की ती भरायला एक छोटं इंजिन-जनरेटर. अमेरिकेत घोड्यांचे आणि बोटींचे ट्रेलर ओढणारे याच पेचात सापडले. फोर्डची निव्वळ बॅटरीवरची पिकअप, एफ-१५० लाइटनिंग, जड ट्रेलर लावला की जवळपास निम्म्या अंतरावर यायची, आणि बरेचसे चार्जर असे की तोंड घालून गाडी लावायची, म्हणजे ट्रेलर आधी सोडा. भरल्या घोड्यांचा ट्रेलर रस्त्यात सोडणार कुठं? सप्टेंबर २०२५ मध्ये रॅम या तिथल्या ट्रक कंपनीनं आपला निव्वळ इलेक्ट्रिक ट्रक रद्द केला आणि जनरेटरवाला पुढं आणला: ९२ युनिटची बॅटरी, १३० किलोवॅटचा जनरेटर, कंपनीच्या म्हणण्यानं सुमारे ११०० किलोमीटर. डिसेंबरात फोर्डनंही लाइटनिंग थांबवून पुढची गाडी जनरेटरसह आणायचं जाहीर केलं. त्यांचे आकडे आपल्या कामाचे नाहीत, पेच मात्र तोच आहे.

आपल्याला एवढा जनरेटर लागतच नाही. माझ्या भरल्या गाडीला ५ टक्के चढावर ताशी ४० नं जायला सतरा-अठरा किलोवॅट पुरतात, सपाटीला त्याच्या निम्म्याहून कमी. पण त्याहून बारका नको. बीएमडब्ल्यूच्या आय३ या विजेच्या कारच्या एका प्रकारात बॅटरी भरायला ६४७ सीसीचं छोटं इंजिन होतं, आणि बॅटरी उतरल्यावर लांब चढावर ती गाडी रेटेनाशी व्हायची. अमेरिकेत तर त्यावर खूप ओरड झाली. म्हणून अशी पिकअप इथं आली आणि कुणी दाखवायला आणली, तर पहिला प्रश्न हाच विचारा: बॅटरी रिकामी असताना, टन भरून, पसरणी घाट किती वेगानं चढेल? चढवून दाखवा म्हणा. शोरूमच्या बाहेरची चक्कर मारू नका.

तोवर माझं ठरलंय. रोजच्या बेदाण्याला बॅटरीचीच गाडी, ती विकणार नाही. त्या कामात तिच्याइतकं स्वस्त काही नाही. चाळीस किलोमीटरच्या आतल्या मैदानाला बैलंही तिच्यातून नेईन, कारण तिचा आवाज नसतो आणि बैलं इंजिनच्या गाडीपेक्षा शांत उभी राहतात. त्यापलीकडं नाही. कागदावरच्या १६० ला, भरलेली गाडी असेल तर १००-११० धरा, चढ असेल तर १००, आणि त्यातले वीस टक्के मोजूच नका.

पौषात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेला जायचंय. बापूला आत्ताच सांगून ठेवलंय, बैलं तुझ्या गाडीत, पेट्रोल माझं.