एका तश्दीदची गोष्ट

रत्नागिरी जिल्ह्यातली आमची उर्दू माध्यमाची शाळा अनुदानित आहे. दीनियातचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, तास सकाळी साडेसातला, शाळा भरायच्या आधी. घटनेच्या कलम २८ प्रमाणे अशा शाळेत मुलाला धर्मशिक्षणाला बसवायचं तर पालकांची संमती लागते, म्हणून दर जूनमध्ये मी भिजलेले सह्यांचे कागद वाळवत बसते. माझा पगार संस्था देते. कधी देते ते विचारू नका.

मुलं घरी कोकणी बोलतात, शाळेत उर्दू, आणि माझ्यापुढे अरबी वाचतात. 'ऐन' हे अक्षर घशाच्या मधून यायला हवं; ही सरळ 'अ' म्हणून मोकळी होतात. मी त्यांना गळ्यावर बोट ठेवायला लावते. अक्षर कुठे अडतंय ते कानाआधी बोटाला कळतं. बरेच जण एवढं करत नाहीत. नाजरा, म्हणजे अर्थाशिवाय नुसतं बघून वाचन, उरकायचा, कुराण खतम झालं की पेढे वाटायचे.

त्या दिवशी सूरह माऊन होती, कुराणातला एक अध्याय. १०७वी सूरह, ७च आयती. दुसरीत 'यदुअ्‌उ' येतं: दालवर पेश ('उ'ची खूण), ऐनवर तश्दीद (अक्षर दुहेरी म्हणायची खूण). पाचवीतला एक मुलगा सारखा 'यद्‌उ' वाचत होता. चार वेळा टोकलं, शेवटी अर्थच सांगितला. "तश्दीदसकट वाचलंस तर तो माणूस यतीमाला, अनाथाला, धक्के मारून हाकलतो. तू वाचतोयस तसं वाचलं तर त्याला बोलावतो. उलटंच झालं की नाही?"

वर्ग हसला. तो हसला नाही.

"आपा, धक्का हातानेच मारायला लागतो? कुणाचं सामान पडवीत नेऊन ठेवलं तर?"

त्याचा बाप दोन वर्षांपूर्वी कुवेतला वारला. चाचा संस्थेच्या कमिटीवर आहेत, माझ्या चेकवर सही त्यांचीच असते. मी म्हटलं, "आधी मखरज नीट कर." मखरज म्हणजे अक्षर जिथून निघतं ती जागा. हो, एवढंच म्हटलं. 'माऊन' म्हणजे शेजाऱ्याला सहज द्यायची वस्तू, मीठ, कोयता, पातेलं. त्या शेवटच्या आयतीपर्यंत आम्ही पोचलोच नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा आले. आवाज अगदी नरम. "आपा, तुम्ही नाजरा तेवढा शिकवा. मतलब काय, मुलं मोठी झाली की कळतो त्यांना." मी "जी" म्हटलं.

तेव्हापासून तो मुलगा रोज 'यद्‌उ' वाचतो. ऐन स्वच्छ, अगदी घशातून येतो, मला अभिमान वाटावा असा. फक्त तश्दीद गायब. जीभ वळत नाही म्हणावं तर पुढच्या सूरहमध्ये त्याची एकही तश्दीद सुटत नाही.

अर्थ बदलतो ती चूक लहन-ए-जली, ती तिथल्या तिथे टोकायची, असं माझ्या उस्तादांनी मला शिकवलं. आज चौथा दिवस, मी टोकलेलं नाही. सोमवारी परीक्षक येणार आहेत, आणि ही सूरह यादीत आहे.