दुपारीच बंद पडणारा सोलर

बडोद्यात रावपुऱ्यामागच्या आमच्या घरावर तीन किलोवॅटचा सोलर बसवला आणि ऐन उन्हात इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारा डबा) बंद पडायला लागला. स्क्रीनवर ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’, म्हणजे कंपनीच्या लाइनचं व्होल्टेज जास्त. ऊन उतरलं की आपोआप चालू.

सोलरवाला म्हणाला, वीज कंपनीकडे जा. कंपनीचा माणूस आला तो सकाळी. मीटरवर २४० व्होल्ट बघून ‘काका, वोल्टेज बराबर छे’ म्हणून निघाला. तेही खोटं नव्हतं: २३० च्या वर सहा टक्के, म्हणजे २४४ पर्यंत नियमात बसतं. इन्व्हर्टर बंद पडतो २५३ च्या वर.

गोम अशी, की आपण वीज घेतो तेव्हा तारेत व्होल्टेज पडतं आणि बाहेर ढकलतो तेव्हा तेवढंच चढतं. किती, हे तारेच्या रेझिस्टन्सवर, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्यावर. तो कोणाला ठाऊक? कंपनीच्या नकाशात एकच जाडीची तार, खांबांवर मात्र वर्षानुवर्षं जोडलेले तुकडे. मग मीच मोजायचं ठरवलं. रात्री मेन स्विचपाशी व्होल्टमीटर आणि करंट मोजणारा क्लॅम्प लावून गीझर चालू केला: साडेआठ अँपिअरला २३६ चे २२९. म्हणजे जवळपास ०.८ ओहम. सोलरचे बारा अँपिअर उलटे गेले की दहा व्होल्ट चढणार. दुपारच्या २४४ वर २५४! शेजाऱ्यांचा लोड मधेच बदलतो, म्हणून हा प्रयोग वेगवेगळ्या वेळी करून पाहिला. रेझिस्टन्सचा आकडा हलत होता, आणि तीच खराब जोडाची खरी खूण ठरली.

हा कागद दाखवल्यावर लाइनमन खांबावर चढला. आमच्या सर्व्हिस वायरच्या (खांबावरून घरात येणाऱ्या तारेच्या) जोडावर अ‍ॅल्युमिनियम काळं पडून भुगा झालं होतं. जोड बदलल्यावर गीझरने चारच व्होल्ट पडायला लागले.

ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे गल्लीचं व्होल्टेज ठरवणारी खाच, खाली घ्या म्हटलं, तर नकार. गल्लीच्या टोकाला संध्याकाळी दिवे मंद होतात, त्यांच्यासाठीच तो वर ठेवलाय. पटलं. त्याऐवजी आमचा फेज (खांबावरच्या तीन लाइनींपैकी आमची) बदलला, कारण गल्लीतले बहुतेक सोलर एकाच फेजवर होते. व्होल्टेज खाली ओढणारं इन्व्हर्टरचं रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचं सेटिंगही चालू करून पाहिलं, पण अशा बारीक तारांत रेझिस्टन्सच जास्त, त्यामुळे त्याचा जोर फारसा चालत नाही.

आता दुपारी २४८ च्या आसपास असतं. रविवारी दुकानं बंद, लोड कमी; तेव्हा २५१ ला टेकतं. त्या दिवशी वॉशिंग मशीन भर दुपारी लावतो.