खुंट माजला होता

पुण्यात बंगल्यांच्या बागा सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. पाऊस सरला की ऑक्टोबरमध्ये गुलाबाच्या छाटणीसाठी बोलावणी येतात, तसेच एका काकूंचेही आले. त्यांची तक्रार विचित्र होती: झाड पुरुषभर वाढले, पण दोन वर्षांत एक फूल नाही.

झाड ‘ग्लॅडिएटर’चे, म्हणजे पूर्वी पुणे-नाशिक भागात फुलबाजारासाठी उघड्या शेतात लावत तोच लाल गुलाब, आणि काकांनी हाताने लावलेला. पाहिले तर पाने बारीक, फिकट आणि बहुतेक सात पर्णिकांची, म्हणजे एका देठावर सात छोटी पाने असलेली. ही रानगुलाबाची खूण, पण तेवढ्यावरून निदान करू नये, म्हणून बुंध्याजवळची माती बोटांनी उकरली. कलमाचा डोळा, म्हणजे कोंब फुटणारी कळी, भरलेल्या गाठीच्या खालून, थेट खुंटातून, म्हणजे ज्या रानगुलाबावर कलम केले होते त्यातून, चार जाड फुटवे वर गेले होते. काकू दोन वर्षे रानगुलाबालाच शेणखत घालत होत्या.

मूळ कलम कसे गेले तेही तिथेच दिसले. काकूंचा नेहमीचा माळी वाळलेली फुले नुसती चिमटीने खुडत असे. डोळ्याशिवाय उरलेला दांड्याचा तुकडा वाळतो, त्यातून बुरशी शिरते आणि फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली मरत जाते. खरे तर फुलाखालची तीन पर्णिकांची पाने सोडून पाच पर्णिकांच्या पहिल्या सशक्त पानावर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, तिरका काप घ्यायचा असतो. पाच मिनिटांचे काम, पण ते कोणी त्याला दाखवलेच नव्हते. मी त्याला दोष देत नाही.

गाठीच्या वर पेन्सिलीएवढी एकच फांदी हिरवी होती. सगळे फुटवे काढणार म्हटल्यावर काकूंचा चेहरा उतरला.

“अहो, मग उरणार काय?”

मी त्या फांदीकडे बोट दाखवले. फुटवे कापले असते तर पुन्हा फुटले असते, म्हणून खुंटापासून ओढून मुळासकट उपटले. काळे लाकूड आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत कापले, प्रत्येक कापानंतर सिकेटर स्पिरिटने पुसला आणि शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना व एक लिटर पाणी या प्रमाणात केलेली बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशीनाशक लेप, जखमांना लावली. ती कोवळी फांदी मात्र छाटली नाही.

डिसेंबरमध्ये काकूंचा फोन आला. “एक फूल आले आहे, लालच आहे. ते वाळले की कुठे कापायचे, ते माळ्याला येऊन दाखवा.”