व्यासपीठावरून सांगितलेलं गावात जातं

२८ फेब्रुवारी जवळ आला की शाळेच्या मागच्या खोलीतल्या सतरंज्या उन्हात पडतात आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांचे फोन सुरू होतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली याच तारखेला ‘रामन परिणामा’चा शोध लावला. १९८७ पासून देशभर हा दिवस विज्ञान दिन म्हणून पाळतात आणि बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात आमच्या मंडळाचा मेळावा त्याच दिवशी भरतो. कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांचा थाट आमच्याकडे नाही. शाळेचं पटांगण, एक मांडव, आणि पाच-सहा गावांतून आलेली माणसं, एवढंच. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक सगळीकडे होतं तसंच होतं. ओढ असते ती त्यानंतरच्या भाषणांची.

आमच्या मेळाव्यात वक्त्याला निमंत्रणाबरोबर मंडळाचं एक पत्र जातं, तेही तीन आठवडे आधी. पक्कं काय आणि अजून तपासात काय, हे वेगवेगळं सांगा. टक्के सांगितलेत तर किती माणसांमागे किती, तेही सांगा. ज्या कंपनीकडून किंवा संस्थेकडून मानधन मिळतं तिचा विषय असेल तर सुरुवातीलाच तसं म्हणा. रुग्णाचा फोटो, नाव, गाव दाखवू नका; आपल्याकडे गाव सांगितलं की माणूस ओळखू येतो. मुलं घरी करून बघतील आणि भाजून घेतील असा प्रयोग नको. चाळीस मिनिटं भाषण, तीस मिनिटं प्रश्न, आणि प्रश्नांचा वेळ भाषणात खायचा नाही. या पत्रामुळे काही मोठी माणसं रुसली, एकदोघांनी येणं टाळलं. मंडळाने पत्र बदललं नाही, याचा आम्हाला अभिमान आहे. मांडवात बसलेला शेतकरी त्या रात्री घरी जाऊन ऐकलेलं सांगतो आणि दुसऱ्या दिवशी तसं वागतो. मग सांगणाऱ्याची जबाबदारी टाळ्यांपाशी कशी संपेल?

सगळ्यांच्या मनात घर करून राहिलेलं भाषण सर्पदंशावरचं. आमच्या भागातले एक वयस्क डॉक्टर अनेकदा आले. एका वर्षी ते उभे राहिले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले की दंशाच्या वर करकचून दोरी बांधा, असं मी याच मांडवात पूर्वी सांगितलेलं आहे. ते आता कुणी करू नका, आणि ज्यांना तुम्ही सांगितलंत त्यांनाही जाऊन सांगा. मांडवात चिटपाखरू हललं नाही. मग त्यांनी कारण सांगितलं. घोणस किंवा फुरसं चावलं की विष त्या जागचं मांस नासवतं. वरून दोरी आवळली तर तिथला रक्तपुरवठाही तुटतो, पाय काळा पडतो आणि कधीकधी कापावा लागतो. शिवाय दोरी एकदम सोडली की अडलेलं विष एका झटक्यात अंगभर जातं. ब्लेडने चिरणं आणि तोंडाने ओढणं यानेही नुकसानच होतं. करायचं ते इतकंच: माणसाला चालवू नका, हात-पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, अंगठ्या-जोडवी-पैंजण काढा आणि गाडी काढा. साप मारून पिशवीत घालून नेण्यात वेळ घालवू नका, कारण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच लस चालते.

इथवर सगळे डॉक्टर सांगतात. हे डॉक्टर पुढचंही सांगायचे, म्हणून ते आम्हाला जवळचे. जांबोटी-कणकुंबीकडच्या रानात चापडा हा विषारी साप सापडतो, त्याच्यावर ही लस चालत नाही, हे ते स्पष्ट सांगायचे. मण्यार झोपेत चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही, आणि पहाटे पोटात दुखतंय म्हणून माणूस उठतो, तेव्हा मांत्रिकाकडे न जाता दवाखान्यात जा, हेही सांगायचे. आणि मग ते खिशातून काचेची एक नळी काढायचे. रक्त गोठतंय का, हे बघायला स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलीटर रक्त घेऊन वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात आणि मग हळूच तिरपी करून पाहतात. रक्त पातळच राहिलं तर विष भिनलंय. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर निकाल चुकतो. ती वीस मिनिटं डॉक्टर नुसते बसून आहेत असं वाटून नातेवाईक दवाखान्यात भांडतात, म्हणून ही नळी सगळ्यांनी बघावी, असं त्यांचं म्हणणं. नळी पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेपर्यंत हातोहात फिरायची. जिवंत साप आणून दाखवा, अशी मागणी दरवर्षी मुलं करतात. ती मंडळ मान्य करत नाही. वन्यजीव कायद्यात ते बसत नाही, आणि सापाचा खेळ पाहिलेला मुलगा साप पकडायला जातो.

दुसरं आवडतं भाषण आकड्यांचं. हायस्कूलचे गणिताचे सर ते करतात आणि त्यासाठी त्यांना तांदूळ लागतो. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये सरकारी समितीने इशारा दिला की काही नव्या संततिनियमनाच्या गोळ्यांमुळे रक्ताच्या गाठींचा धोका दुप्पट होतो. दुप्पट हा शब्द ऐकून बायकांनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. मुळात ७,००० बायकांमागे एकीला होणारा त्रास दोघींना होत होता, इतकीच ती वाढ होती; आणि गरोदरपणात गाठींचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो. सर हे सांगताना दोन परातींत सात-सात हजार तांदूळ पसरतात. सात हजार दाणे मोजत बसणं शक्य नाही. शंभर दाणे मोजून सोनाराच्या तराजूवर तोलायचे आणि त्याच्या सत्तरपट वजनाचा तांदूळ घ्यायचा. तुकडा असलेला तांदूळ घेतला तर हिशेब बिघडतो. एका परातीत कुंकवाने रंगवलेला एक दाणा, दुसरीत दोन. मग बायकांना पुढे बोलावून म्हणतात, शोधा. दोन्ही परातींत दाणा सापडायला वेळ लागतो. कुणी ‘धोका दुप्पट’ म्हटलं की ‘कितीचा दुप्पट?’ असं विचारायला आमच्या गावच्या बायका या परातींपाशी शिकल्या. मंडळाच्या सगळ्या कामात मला हे सर्वांत मोलाचं वाटतं.

पाण्याच्या भाषणामागे थोडी कडू हकिगत आहे. पाणी शुद्ध करणारी यंत्रं विकणाऱ्या एकाने एका वर्षी मांडवाचा सगळा खर्च देऊ केला, बदल्यात त्याला प्रवेशद्वारापाशी टेबल हवं होतं. टेबलावर तो विजेचा प्रयोग करणार होता: दोन पेल्यांत सळया सोडायच्या, नळाचं पाणी तपकिरी गढूळ होतं, यंत्राचं तसंच नितळ राहतं, आणि लोक घाबरून यंत्र घेतात. मंडळाने नको म्हटलं. त्या वर्षी वर्गणी कमी पडली, ती आतल्या लोकांनीच भरली. वरून काहींनी हेही ऐकवलं की आलेली लक्ष्मी परत लावली.

रसायनशास्त्राच्या बाईंनी मग तोच प्रयोग स्वतः मांडला. घरची वीज धोक्याची, म्हणून बारा व्होल्टची बॅटरी, लोखंडी खिळे आणि तीन पेले. त्याला वेळ लागतो, म्हणून भाषणाच्या आरंभीच तारा जोडून ठेवल्या. पहिल्या पेल्यात नळाचं पाणी, दुसऱ्यात यंत्राचं, तिसऱ्यात यंत्राच्याच पाण्यात चिमूटभर मीठ. भाषण संपता संपता तिसरा पेला सगळ्यांत घाण झाला होता. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते आणि खिळ्याचं लोखंड विरघळून गंजासारखा गाळ बनतो. तो गाळ पाण्यात आधी नसतोच. टाळ्या पडल्या. बाईंनी हात वर करून त्या थांबवल्या आणि म्हणाल्या, यावरून तुमच्या विहिरीचं पाणी चांगलं आहे असं मात्र ठरत नाही. क्षार मोजायचं मीटर जंतू मोजत नाही. क्षारांची मर्यादा भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणीच नसेल तर २,००० पर्यंत. पण २०० दाखवणाऱ्या पाण्यातही गटाराचे जंतू असू शकतात. त्यासाठी जंतू तपासायची, एचटूएसची बाटली वेगळी. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवायचं. एक-दोन दिवसांत काळी पडली तर ते पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. आपल्याच प्रयोगाला मर्यादा घालणारा वक्ता दिसला की आमचा ऊर भरून येतो.

गणपतीच्या दुधाचा विषय निघाल्याशिवाय मेळावा होत नाही. गणपतीची मूर्ती दूध पिते अशी बातमी देशभर पसरली तो २१ सप्टेंबर १९९५ ज्यांना आठवतो ती माणसं अजून मांडवात असतात. त्या दिवशी चमचा घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्यांत आमच्याच घरच्या आया-आज्या होत्या, म्हणून या प्रयोगात हसू आणायचं नाही, हा मंडळाचा दंडक आहे. दगडी मूर्तीऐवजी नदीतला गोटा घेतात. काठोकाठ भरलेला चमचा गोट्याला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर तो थर दिसत नाही. दुधात खायचा रंग घातला की ओघळ दिसतो. चमचा धरायला नेहमी एखाद्या आजींनाच बोलावतात. त्यांनी स्वतः पाहिलं की बोलायला काही उरत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतरच्या मेळाव्यात हा प्रयोग ठेवावा की नाही यावर बैठकीत बराच खल झाला. प्रयोग ठेवला, आणि त्या वर्षी चमचा धरायला एकीच्या जागी चौघीजणी पुढे आल्या. जिभेवर कापूर पेटवणं आणि रसायनांतून आपोआप जाळ काढणं हे मात्र कार्यक्रमातून काढून टाकलं आहे.

आपल्या भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. मांडवात कन्नड बोलणारी माणसंही असतात आणि सरकारी आरोग्यपत्रकं कन्नडमध्ये येतात, जी आमच्या कित्येक मावश्यांना वाचता येत नाहीत. म्हणून भाषणाचे मुद्दे आदल्या दिवशी भाषांतर करणाऱ्या बाईंच्या हातात पडले पाहिजेत. उभ्या उभ्या भाषांतर केलं की ‘काही जणांत’, ‘अजून नक्की नाही’ हे शब्द आधी गळतात आणि उरतं ते नुसतं ठाम वाक्य. औषधाचं प्रमाण सांगताना तर दोन्ही भाषांत फळ्यावर लिहायचंच.

हजेरीबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण बोलतो. समईपाशी फोटो झाला की पुढच्या दोन रांगा रिकाम्या होतात. काही शाळा मुलांना गणवेशात आणतात आणि उप्पीट खाऊन झालं की परत नेतात. शहरातली शिकलेली मंडळी सांगलीला, कोल्हापूरला व्याख्यानं ऐकायला जातात, इथे मात्र त्यांना लांब पडतं. मागच्या रांगेत बसणारे रताळ्याचे शेतकरी आणि विटभट्टीवरचे लोक शेवटच्या प्रश्नापर्यंत हलत नाहीत. खुर्च्या पुढे सरकवून त्यांनाच पुढे बसवावं, असं बैठकीत सुचवलं आहे.

आभार मानताना कुणी राहू नये, म्हणून इथे लिहून ठेवतो. मांडवाचे पैसे कापणीनंतर घेणारे अण्णा. ध्वनिक्षेपकवाले आणि वीज गेली की जनरेटर ओढून आणणारी त्यांची दोन मुलं. उप्पीट आणि चहा करणाऱ्या बचत गटाच्या सगळ्या अक्का. डेअरीतून प्रयोगाचं दूध पाठवणारे काका. तराजू देणारे सोनार. तांदूळ देणाऱ्या आणि कार्यक्रम झाल्यावर पाखडून परत नेणाऱ्या काकी. दोन्ही लिप्यांत फलक रंगवणारे पेंटर. प्रश्नांच्या चिठ्ठ्या गोळा करणाऱ्या नववीच्या मुली. खानापूरहून माणसं आणणारे टेम्पोवाले. आदल्या रात्री सतरंज्यांजवळ झोपणारे शाळेचे शिपाई. नदीतून गोटा शोधून आणणारी पोरं. भाषांतराच्या बाई आणि त्या दिवशी त्यांचं घर सांभाळणाऱ्या सासूबाई. मोडकी खुर्ची न बोलता बांधून देणारे सुतार. मंदिराची परात दोनदा मागून आणली, त्या पुजारीबुवांचं नाव मागच्या आभारपत्रिकेत छापायचं राहिलं होतं, ते यंदा पहिलं घेतलं आहे.

वेळेअभावी राहिलेल्या चिठ्ठ्या वहीत उतरवून त्या त्या वक्त्याकडे पाठवल्या जातात, आणि आलेली उत्तरं तारखेसह त्याच वहीत लिहून वही वाचनालयात ठेवली जाते. पाण्याच्या बाटल्यांबद्दलचे सहा प्रश्न आणि रताळ्यावरच्या फवारणीबद्दलचा एक प्रश्न अजून उत्तराविना आहेत. फवारणीच्या चिठ्ठीवर गावाचं नाव नाही, ज्यांनी ती टाकली असेल त्यांनी औषधाच्या डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग शिपाईमामांकडे कळवावा; औषध किती विषारी ते त्या रंगावरून कळतं.